मांजराचे कोरडे खाद्य : पिशवीवरील आकडे कसे वाचावेत?

मांजराला विकतचे खाणे घालायचे, ही कल्पनाच मुळी आपल्या भागात नवी आहे. बेळगाव काय किंवा निपाणी काय, मांजर घरात असायचे ते उंदरांसाठी. रविवार पेठेतील धान्याच्या दुकानात पोत्यांवर झोपलेले मांजर, मासळी बाजारात सुरीच्या आवाजाकडे कान लावून बसलेला बोका, खेड्यातल्या घरात जोंधळ्याच्या कणगीभोवती घिरट्या घालणारी भाटी, यांच्या पोटाची चिंता कोणी फारशी केली नाही. सकाळी बशीत चार चमचे दूध, दुपारी उरलेली भाकरी दुधात कुस्करून, मांसाहारी घर असेल तर रविवारची हाडके, आणि कधीमधी कोकणातून घाट चढून आलेल्या सुकटीची एक मूठ. बाकीचे मांजर आपले आपण पाहून घेई. मरायचे ते मरे, आणि त्याचे कारण कोणी विचारीत नसे.

आता मांजर तेच असले तरी घर बदलले आहे. टिळकवाडीतील तिसऱ्या मजल्यावरच्या सदनिकेत उंदीर येत नाही, आणि खाली रहदारी असल्याने मांजराला बाहेरही सोडता येत नाही. त्याच्या पोटात काय जाते, हे आता सर्वस्वी आपल्या हाती आले. म्हणूनच गावोगावच्या दुकानांत मांजराच्या कोरड्या खाद्याच्या रंगीत पिशव्या दिसू लागल्या आहेत. व्हिस्कस, मी-ओ, ड्रूल्स, रॉयल कॅनिन अशी कितीतरी नावे. मी रसायनशास्त्र शिकवतो हे ठाऊक असल्याने काही विद्यार्थी आणि सहकारी मला विचारतात, “सर, यांतली चांगली कुठली?” या प्रश्नाला एका नावाने उत्तर देणे मला पटत नाही. कंपन्या आपले मिश्रण बदलतात आणि किंमतीही बदलतात. पिशवी वाचता आली, तर उत्तर ज्याचे त्याला काढता येते.

पण पिशवी वाचणे सोपे नाही. एक तर तिची भाषा. आपल्या सीमाभागात पाटी कोणत्या भाषेत असावी यावरून केवढे रणकंदन होते, हे वाचकांना सांगायला नको. मी पाहिलेल्या खाद्याच्या पिशव्यांवर मात्र ना मराठी होती, ना कन्नड. सारा मजकूर बारीक इंग्रजीत, पिशवीच्या पाठीमागे, शिवणीच्या आसपास. मोठ्या अक्षरात छापलेले असते ते एवढेच : मांजराचे चित्र, माशाचे चित्र, आणि ‘प्रथिने ३२ टक्के’.

या ३२ टक्क्यांपासूनच सुरुवात करू, कारण बहुतेक लोक दोन पिशव्या हातात घेतात आणि ज्या पिशवीवर हा आकडा मोठा ती चांगली समजतात.

पिशवीवर ‘क्रूड प्रोटीन’ असे लिहिलेले असते. त्या ‘क्रूड’ शब्दात सगळी गोम आहे. प्रथिने थेट मोजणे कठीण. म्हणून डेन्मार्कचा रसायनशास्त्रज्ञ योहान केल्डाल याने १८८३ मध्ये एक युक्ती काढली. पदार्थ तीव्र गंधकाम्लात उकळायचा, त्यातील नत्राचे अमोनियात रूपांतर करायचे, आणि तो अमोनिया मोजायचा. प्रथिनांत सरासरी १६ टक्के नत्र असतो, तेव्हा मिळालेल्या नत्राला ६.२५ ने गुणले की झाली प्रथिने. बी.एस्सी.च्या विद्यार्थ्यांना ही पद्धत अभ्यासक्रमात भेटते. पद्धत उत्तम आहे, पण ती मोजते नत्र. तो नत्र कोंबडीच्या काळजातला, सोयाबीनच्या पेंडीतला, की पिसे आणि खुरांच्या भुकटीतला, हे तिला सांगता येत नाही.

शेतकऱ्यांच्या मुलांना एक उदाहरण देतो. युरियाच्या पोत्यावर ‘नत्र ४६ टक्के’ असे छापलेले असते. त्याला ६.२५ ने गुणा. उत्तर येते २८७.५. म्हणजे या हिशेबाने युरियात पावणेतीनशे टक्क्यांहून अधिक प्रथिने! कोणी मांजराला युरिया घालणार नाही हे खरे. परंतु याच वाटेने जाणारी एक फसवणूक प्रत्यक्षात घडली. मार्च २००७ मध्ये कॅनडातील मेनू फूड्स या कंपनीने कुत्र्यामांजरांच्या खाद्याचा प्रचंड साठा बाजारातून परत बोलावला. ते खाऊन उत्तर अमेरिकेत मांजरे आणि कुत्री मूत्रपिंडे निकामी होऊन मरत होती. चीनहून आलेल्या ‘गव्हाच्या ग्लुटेन’मध्ये मेलामाइन मिसळलेले आढळले. मेलामाइन म्हणजे प्लास्टिकच्या ताटल्या बनवण्यासाठी वापरतात तो पदार्थ. त्याच्या वजनाचा दोन तृतीयांश भाग नत्राचा असतो. किलोभर खाद्यात १० ग्रॅम मेलामाइन टाकले, तर केल्डालच्या परीक्षेत प्रथिनांचा आकडा चार टक्क्यांनी वर चढतो. त्याच्या जोडीला असलेल्या सायन्युरिक आम्लाशी त्याचे स्फटिक बनले आणि ते मूत्रपिंडांच्या नलिकांत अडकले. पुढच्याच वर्षी, २००८ मध्ये, चीनमध्ये तान्ह्या मुलांच्या दुधाच्या भुकटीत हाच प्रकार उघडकीस आला.

मोठ्या आकड्याची ही गोष्ट झाली. आता मांजराला खरोखर लागते काय, ते पाहू.

मांजर हा पक्का मांसाहारी प्राणी आहे. कुत्रा माणसाबरोबर राहून भाकरी पचवायला शिकला. मांजर माणसाच्या कोठाराशी आले ते धान्य खायला नव्हे, तर धान्य खाणारे उंदीर खायला. त्यामुळे त्याच्या शरीराने काही रासायनिक कामे करणे सोडूनच दिले आहे, कारण उंदरात तो माल तयारच मिळे. गाजरातील पिवळ्या द्रव्यापासून आपण ‘अ’ जीवनसत्त्व बनवतो, मांजराला ते बनवता येत नाही. ॲरॅकिडॉनिक आम्ल नावाचा स्निग्ध घटकही त्याला पुरेसा बनवता येत नाही. आर्जिनीन या अमिनो आम्लाशिवाय त्याचे एक जेवणही धड पार पडत नाही. जेम्स मॉरिस आणि क्विंटन रॉजर्स यांनी १९७८ मध्ये दाखवून दिले की आर्जिनीन वगळलेले अन्न खाल्ल्यावर मांजराच्या रक्तात काही तासांत अमोनिया साचतो. गोड चव तर त्याला कळतच नाही, कारण त्या चवीच्या ग्राहकाचे एक जनुक मांजराच्या कुळात बिघडलेले आहे. दारात पेढा खाणारे मांजर कोणी दाखवले, तर ते खव्यातल्या तुपासाठी येते असे समजावे.

पण या सर्वांत महत्त्वाचे म्हणजे टॉरिन. हा पदार्थ १८२७ मध्ये टीडेमान आणि ग्मेलिन या जर्मन शास्त्रज्ञांनी बैलाच्या पित्तातून वेगळा केला, म्हणून बैलाच्या लॅटिन नावावरून त्याचे नाव पडले. तो नेहमीच्या अर्थाने अमिनो आम्ल नाही. कार्बॉक्सिलच्या जागी त्यात सल्फॉनिक आम्लाचा गट आहे, आणि म्हणून प्रथिनांच्या साखळीत तो गुंफलाच जात नाही. मांसात, हृदयात, माशांत, कोळंबीत तो मोकळा असतो. धान्यात आणि डाळींत जवळजवळ नसतोच. आपण तो शरीरात थोडाफार बनवतो. मांजर फारच कमी बनवते आणि खर्च मात्र सढळ हाताने करते. पित्ताम्लांना जोडी म्हणून आपले यकृत टॉरिन नसेल तर ग्लायसीन वापरते, मांजराचे यकृत टॉरिनच मागते. आवक कमी आणि जावक बंद होत नाही, असा हा संसार.

टॉरिन कमी पडले तर काय होते? १९७५ मध्ये के. सी. हेज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील ‘सायन्स’ या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. मांजरांना ज्या आहारावर ठेवले होते, त्यातील प्रथिन होते केसीन, म्हणजे दुधातले मुख्य प्रथिन. प्रथिनांचा आकडा भरपूर होता. तरीही मांजरांच्या डोळ्यांचा पडदा झिजत गेला. या प्रकारे गेलेली दृष्टी परत येत नाही. आपल्याकडच्या दूधभातावर वाढलेल्या मांजराची गोष्ट मला या प्रयोगात दिसते. दूधभात खाणारे जे मांजर बाहेर जाऊन उंदीर, पाल, चिमणी मारते, त्याचे टॉरिन भरून निघते. तेच मांजर दाराआड कोंडले आणि दूधभातच चालू ठेवला, तर प्रयोगशाळेतल्या पिंजऱ्यात आणि आपल्या स्वयंपाकघरात फरक फारसा उरत नाही. शिवाय मोठ्या झालेल्या बऱ्याच मांजरांना दुधातील साखर पचत नाही आणि त्यांना हगवण लागते, ते वेगळेच.

१९८७ मध्ये याहून मोठा धक्का बसला. पॉल पायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, पुन्हा ‘सायन्स’मध्येच, दाखवून दिले की हृदयाचे स्नायू पातळ व ढिले होऊन मरणाऱ्या मांजरांच्या रक्तात टॉरिन कमी असते, आणि टॉरिन दिल्यावर ते हृदय पुष्कळदा सुधारते. यातील मांजरे काही दूधभातावर नव्हती. ती दुकानातील, पिशवीवर सारे काही ठीक छापलेले खाद्य खात होती. त्या काळी मान्य असलेले टॉरिनचे प्रमाणच अपुरे होते. त्यानंतर कंपन्यांनी टॉरिन वाढवले आणि हा रोग झपाट्याने कमी झाला. अमेरिकेतील ‘ॲफको’ या पशुखाद्य नियंत्रण अधिकाऱ्यांच्या संघटनेच्या मानकांत आज कोरड्या खाद्यासाठी निदान ०.१० टक्का, म्हणजे किलोमागे एक ग्रॅम, आणि डबाबंद ओल्या खाद्यासाठी त्याच्या दुप्पट टॉरिन धरलेले आहे.

तेव्हा पिशवी हातात घेतल्यावर ३२ टक्क्यांकडे न पाहता आधी पाठ फिरवावी आणि टॉरिन हा शब्द शोधावा. तो घटकांच्या यादीत असेल किंवा पृथक्करणाच्या तक्त्यात असेल. कोठेच नसेल तर ती पिशवी परत फळीवर ठेवावी, मग किंमत काहीही असो. दुसरी ओळ शोधायची ती ‘कम्प्लीट अँड बॅलन्स्ड’ किंवा नुसते ‘कम्प्लीट’ अशा अर्थाची, आणि ते कोणत्या वयासाठी, हे सांगणारी. पिल्लांसाठी वेगळे, मोठ्यांसाठी वेगळे. ॲफकोच्या मानकांत, जलांश वगळून, वाढत्या पिल्लाला निदान ३० टक्के आणि मोठ्या मांजराला २६ टक्के प्रथिने लागतात. ‘कॉम्प्लिमेंटरी’ किंवा ‘ट्रीट’ असे लिहिले असेल तर तो खाऊ झाला, जेवण नव्हे. ॲफको स्वतः कोणत्याही पिशवीची परीक्षा करून शिक्का मारीत नाही, हेही ध्यानात असू द्यावे. मानके तिची असतात, शब्द कंपनीचा असतो.

येथेच कुत्र्याच्या खाद्याचा विषय निघतो. घरात कुत्रा आणि मांजर दोन्ही असले, की मोठे पोते कुत्र्याचे आणायचे आणि मांजरालाही त्यातलेच घालायचे, हा व्यवहार मी अनेक घरांत पाहिला आहे. कुत्रा टॉरिन स्वतः बनवतो, त्यामुळे त्याच्या खाद्यात ते घालण्याची सक्ती नाही. कुत्र्याचे खाद्य खाणाऱ्या मांजरांच्या डोळ्यांचा पडदा झिजल्याची नोंद १९७८ मध्येच झालेली आहे. पोत्यात वाचलेले पैसे मांजराच्या डोळ्यांतून वसूल होतात.

आपल्या भागात जैन, लिंगायत, ब्राह्मण अशी शाकाहारी घरे पुष्कळ, आणि त्या घरांतही मांजरे आहेतच. त्यांची अडचण मी जवळून पाहिली आहे. चुलीवर मांस शिजवता येत नाही, कोंबडीचे तुकडे घरात आणता येत नाहीत, आणि दूधभात घालावा तर वर सांगितलेली आपत्ती. अशा घरांना कोरडे खाद्य मोठी सोय झाले आहे. ओसरीवर, परसात किंवा मागल्या गॅलरीत एक वेगळा डबा आणि एक वेगळी वाटी ठेवली की काम भागते. “पण त्यात मांस असतेच ना?” असे एका आजींनी मला विचारले. असते. मी त्यांना तेच सांगितले. मात्र त्या पिशवीतले वरून घातलेले टॉरिन बैलाच्या पित्तातून काढलेले नसते. ते कारखान्यात रासायनिक रीतीने बनवलेले असते. परदेशांत याच बळावर पूर्ण वनस्पतिजन्य मांजरखाद्येही निघाली आहेत. त्यांत टॉरिनच नव्हे, तर ‘अ’ जीवनसत्त्व, ॲरॅकिडॉनिक आम्ल, सगळेच मोजून घालावे लागते, आणि एक जरी घटक चुकला तर तो कळायला महिने लागतात. पशुवैद्याच्या देखरेखीवाचून तो मार्ग धरू नये, असे माझे मत आहे. त्या आजींनी शेवटी पिशवी आणली. तिला हात लावायचे काम नातवाकडे दिले.

आता थोडा हिशेब. समजा, एका पिशवीवर प्रथिने ३०, स्निग्ध पदार्थ १०, तंतू ५, राख ९ आणि ओलावा १० टक्के असे आकडे आहेत. बेरीज ६४. उरलेले ३६ कशाचे? ते पिष्टमय पदार्थ. हा आकडा बहुधा छापलेला नसतो, तो आपण वजाबाकीने काढायचा. (राखेचा आकडा कधी कधी दिलेला नसतो, तेव्हा ८ धरावा.) उष्मांक काढताना प्रथिने आणि पिष्ट यांना ग्रॅममागे साडेतीन व स्निग्ध पदार्थांना साडेआठ कॅलरी धरण्याची या धंद्यात रीत आहे. म्हणजे शंभर ग्रॅम खाद्यात १०५ अधिक ८५ अधिक १२६, एकूण ३१६ कॅलरी. त्यातल्या १२६, म्हणजे शेकडा ४०, पिष्टापासून. रानावनात स्वतःच्या बळावर जगणाऱ्या मांजरांच्या आहाराचा अभ्यास झाला आहे, त्यात पिष्टापासून मिळणारी ऊर्जा शेकडा दोनच्या आसपास निघाली. बाकी सारी प्रथिने आणि चरबी यांची.

एवढे पिष्ट घालतात कशाला? फक्त स्वस्त म्हणून नव्हे. या गोळ्या ज्या यंत्रातून निघतात ते आपल्या कुरकुऱ्यांच्या यंत्राच्याच जातीचे. ओले पीठ दाबाखाली, वाफेच्या उष्णतेत मळत पुढे ढकलायचे आणि साच्याच्या छिद्रातून एकदम बाहेर सोडायचे, की ते फुलते. प्राण्यांच्या खाद्यात ही रीत अमेरिकेत १९५७ साली राल्स्टन प्युरिना कंपनीच्या कुत्र्याच्या खाद्याने रूढ केली. पीठ फुलायला आणि गोळी टिकायला पिष्ट लागतेच. शिजलेले पिष्ट मांजर बऱ्यापैकी पचवते, हेही खरे. तेव्हा पिष्ट पाहून घाबरण्याचे कारण नाही. दोन पिशव्यांत ज्यात ते कमी ती घ्यावी, इतकेच. ‘धान्यविरहित’ असे मिरवणाऱ्या पिशवीत गहू-मक्याऐवजी बटाटा किंवा वाटाणा असतो. पिष्ट ते पिष्टच.

दोन निरनिराळ्या प्रकारांची तुलना करताना ओलावा वजा करायला विसरू नये. कोरड्या पिशवीवर प्रथिने ३२ आणि छोट्या ओल्या पाकिटावर ८ पाहून लोक पाकीट निकृष्ट ठरवतात. कोरड्यात ओलावा १०, म्हणून ३२ ला ९० ने भागा, आले साडेपस्तीस टक्के. पाकिटात ओलावा ८४, म्हणून ८ ला १६ ने भागा, आले पन्नास टक्के. पाकीट पुढे गेले. मात्र त्यात बहुतांश पाणी असल्याने पोट भरायला पाकिटे पुष्कळ लागतात, आणि प्राध्यापकाच्या काय किंवा विद्यार्थ्याच्या काय, खिशाला ते रोज परवडत नाही, म्हणून पुन्हा कोरड्याकडे यावे लागते. घरात राहणाऱ्या साडेतीन किलोच्या मांजराला दिवसाला सुमारे दोनशे कॅलरी पुरतात. वरच्या हिशेबाने तेवढ्यासाठी ६० ते ६५ ग्रॅम खाद्य लागेल. ज्या खाद्यात शंभर ग्रॅमला ४०० कॅलरी आहेत, ते ५० ग्रॅमच पुरेल. म्हणून किलोच्या भावाची तुलना करू नये, दिवसाच्या खर्चाची करावी. किलोला ३०० रुपयांचे पहिले आणि ३६० रुपयांचे दुसरे असेल, तर रोजचा खर्च जवळपास सारखाच येतो.

घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, हे बऱ्याच जणांना माहीत असते. पण वजन कधीचे? शिजवण्यापूर्वीचे. यादीत पहिले ‘चिकन’ असेल तर त्या ताज्या मांसात ७० टक्के पाणी होते. ते उडाल्यावर चिकन खाली घसरते. ‘चिकन मील’ म्हणजे आधीच सुकवलेली भुकटी; नाव रुक्ष असले तरी ऐवज अधिक. दुसरी चलाखी म्हणजे मका, मक्याचे ग्लुटेन, तांदूळ, तांदळाचा कोंडा असे एकाच घराण्याचे चार भाऊ वेगवेगळे मांडायचे, म्हणजे प्रत्येक जण मांसाच्या खाली दिसतो. ‘बाय-प्रॉडक्ट’ या शब्दाला मात्र लोक उगाच बिचकतात. काळीज, हृदय, आतडी ही आपल्या दृष्टीने टाकाऊ असली तरी उंदीर मारल्यावर मांजर त्यांना नाक मुरडत नाही.

रंगांबद्दल एवढेच सांगतो की लाल मासा आणि हिरवा तारा मांजरासाठी नसून आपल्यासाठी आहे. लाल रंग त्याला नीट दिसत नाही. आणि मांजर तुटून पडते म्हणून खाद्य उत्तम, असेही नव्हे. गोळ्या तयार झाल्यावर त्यांवर चरबी, यकृताचा पाचित अर्क आणि पायरोफॉस्फेटसारखे क्षार फवारतात, त्या वासाने आणि चवीने मांजर वेडे होते. गोळीच्या आत काय आहे याची ती साक्ष नव्हे.

खाद्य चांगले निवडले तरी कोरडे खाद्य कोरडेच असते, आणि आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात त्याचा धोका सगळ्यांत जास्त बोक्यांना. उंदराच्या शरीरात दोन तृतीयांशाहून थोडे अधिक पाणी असते. मांजराचे पूर्वज कोरड्या मुलखातले; शिकारीतल्या पाण्यावरच त्यांचे बरेचसे भागे. त्यामुळे तहानेची जाणीव मंद. गोळ्यांत पाणी शेकडा दहा, आणि वरून पिऊनही कोरडे खाणारे मांजर ओले खाणाऱ्याइतके पाणी पोटात घेत नाही. लघवी दाट होते, तीत स्फटिक बनतात, आणि बोक्याची मूत्रनलिका अरुंद असल्याने ती तुंबते. माझ्या शेजारच्या घरी असाच एक दांडगा बोका मातीच्या खोक्यात जाऊन पुनःपुन्हा बसत होता. घरच्यांना वाटले बद्धकोष्ठ आहे, एरंडेल द्यावे. सुदैवाने त्यांनी त्याच संध्याकाळी पशुवैद्याकडे नेले. नळी घालून लघवी काढावी लागली. बोका कुंथतो आहे आणि थेंब येत नाही असे दिसले, तर सकाळपर्यंत थांबू नये. एक-दोन दिवसांत तो दगावतो. म्हणून कोरडे खाद्य घालणाऱ्या घरात पाण्याची भांडी दोन-तीन ठिकाणी, पसरट, आणि जेवणाच्या वाटीपासून दूर असावीत. एक वेळ कोरडे आणि एक वेळ ओले, ही वाटणी सर्वांत चांगली. कोंबडी उकडून देणार असाल तर ते पाणी फेकू नका. टॉरिन पाण्यात विरघळते आणि निम्मा माल त्या पाण्यातच उतरलेला असू शकतो. मीठ, कांदा, लसूण मात्र त्यात नको. कांदालसणाने मांजराच्या तांबड्या पेशी फुटतात. सुकट द्यायची झाली तर धुऊन, चिमूटभर, गोळ्यांवर भुरभुरून द्यावी. मीठ तिच्यात भरपूर असते.

नवे खाद्य एकदम बदलू नये. आठवडाभर जुन्यात थोडेथोडे मिसळत जावे. “भूक लागली की खाईल झक्कत,” हे बोल मुलांच्या बाबतीत ठीक असतील, मांजराच्या बाबतीत नाहीत. लठ्ठ मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिले, तर अंगची चरबी यकृतात साचून ते गंभीर आजारी पडते.

शेवटचा मुद्दा पावसाचा. बेळगावचा पाऊस ज्याने पाहिला आहे, त्याला बुरशीबद्दल वेगळे सांगावे लागत नाही. जूनपासून चपलांनाही ती धरते. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये लाखाच्या वर टर्की पक्षी अचानक मेले. शोध घेता ब्राझीलहून आलेली शेंगांची पेंड सापडली, तिच्यावरच्या बुरशीने विष तयार केले होते. अफ्लाटॉक्सिन हे नाव त्यानंतरचे. शेंगा आणि मका ही या विषाची आवडती ठिकाणे, आणि मका हा तर कोरड्या खाद्यातला नेहमीचा घटक. डिसेंबर २००५ मध्ये अमेरिकेत अफ्लाटॉक्सिन असलेले कुत्र्याचे खाद्य परत बोलवावे लागले होते, तेव्हा कुत्री यकृत निकामी होऊन दगावली. कारखान्यात काय होते ते आपल्या हाती नाही. दुकानात आणि घरात काय होते ते आहे. काही दुकानांत मोठे पोते तोंड उघडे टाकून त्यातून सुटे खाद्य कागदी पुडीत बांधून देतात. भाव कमी पडतो, पण त्या पुडीवर ना तारीख, ना घटक, ना टॉरिनचा उल्लेख. आणि गोळ्यांवर फवारलेली चरबी हवेने खवट होत जाते. या लेखात सांगितलेले काहीच त्या पुडीवर वाचता येत नाही. घ्यायची तर बंद पिशवीच, महिना-सव्वामहिन्यात संपेल एवढी. घरी आणल्यावर खाद्य डब्यात ओतू नये. पिशवीचे तोंड घट्ट दुमडून ती पिशवीच घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी, म्हणजे तारीख आणि घटकांची यादी जवळ राहते. आणि पिशवी ज्या दिवशी फोडली, तो दिवस पेनाने तिच्यावर लिहून ठेवावा.